एअर-कूल्ड इंजिनाला टर्बो: पत्र्याच्या वर की खाली?

कातळावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

काकांची ६८ सालची बीटल दोन वर्षांपूर्वी मुंबईहून देवगडला आणली. इंजिन मूळचं नाही, मधे कधीतरी कुणीतरी १६०० सीसीचं बसवलंय. पंख्याची पेटी मात्र जुनीच. रोजची धाव जामसंडे ते कुणकेश्वर, आणि महिन्यातून एकदा नांदगाव तिठ्यावरून फोंडा घाटाने कोल्हापूर. सपाटीवर गाडी गुणी आहे. घाट लागला की पन्नासेक हॉर्सपॉवर चार माणसं आणि सहा पेट्या हापूस बघून हात जोडते. मागे ट्रकची रांग लागते, बायको आरशात बघायचं सोडून देते.

तर कुर्ल्याच्या भंगारातून १.३ डिझेल गाडीचा एक छोटा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंप) उचललाय. फार दाब नको, अर्धा बार पुरे. प्रश्न बसवायचा कुठे हा आहे. दोन जागा दिसतात:

अ) वर, इंजिनाच्या खोलीतच, पंख्याच्या पेटीमागे कार्बोरेटरजवळ. पाइप आखूड होतात.

ब) खाली, सायलेन्सरच्या जागी, मागच्या एप्रनच्या (बंपरखालच्या पत्र्याच्या) आत.

मुंबईचा मित्र ‘अ’ म्हणतो, कणकवलीचे मेस्त्री ‘ब’ म्हणतात. दोघेही छातीठोकपणे. त्यात आपली खारी हवा आणि चार महिने पाऊस. कुणी केलंय का असं काही?

जुनी_चाकं

आधी फोटो टाका! आणि माझं मत विचाराल तर काहीही करू नका. पन्नास वर्षं चाललेल्या इंजिनाच्या मानगुटीवर भूत कशाला बसवता?

सोनकी

+१. घाटात मागच्यांना वाट द्या. पुण्य लागतं.

वाशिष्ठीकाठ

उपदेश नंतर, आधी गणित. धरणांच्या कामांवर एअर-कूल्ड डिझेल कॉम्प्रेसर सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली बरीच इंजिनं डॉइट्झची, टर्बोवाली. नावातच सगळं लिहिलेलं असायचं: बीएफ ६ एल ९१३ मधला ‘बी’ म्हणजे टर्बो आणि ‘एल’ म्हणजे लुफ्ट, जर्मनमधली हवा. त्यामुळे हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला टर्बो चालतच नाही असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. आपल्या लष्कराचे टाट्रा ट्रक आठवा, त्यांची इंजिनंही एअर-कूल्डच. गाड्यांमध्ये तर १९६२ सालीच शेव्हरोलेने कॉर्व्हेअर माँझा स्पायडरला टर्बो लावला होता. सहा सिलिंडर, मागे बसलेलं इंजिन, पूर्ण हवेवर थंड होणारं. १५० हॉर्सपॉवर. वेस्टगेट (जादा दाब सोडणारी झडप) नव्हतं, एक्झॉस्टच्या अडथळ्यावरच दाब आवरला जाई. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे: कंपनीने त्या गाडीच्या डॅशबोर्डवर सिलिंडर हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) तापमानाचा काटा दिला होता. त्यांना माहीत होतं दुखणं कुठे उठणार ते.

आता तुमची बीटल. मागचं झाकण उघडलंत की इंजिनाभोवती काळा पत्रा दिसतो, कडेने रबराची पट्टी. बरेच मेस्त्री इंजिन उतरवलं की हा पत्रा ‘नुसता अडचणीचा’ म्हणून परत बसवत नाहीत. तो पत्रा म्हणजे घराची भिंत आहे. भिंतीच्या वर थंड हवा, खाली गरम. पंखा वरची हवा ओढतो, हेड आणि सिलिंडरच्या फिन्सवरून (उष्णता सोडणाऱ्या पात्यांवरून) खाली ढकलतो, ती तापून रस्त्यावर जाते. रबर फाटलं की खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. उष्टी हवा. आपलाच श्वास आपण परत घ्यायचा.

या खोलीत टर्बो ठेवला तर काय होईल? पेट्रोल इंजिनाचा एक्झॉस्ट दाबाखाली ८५०-९०० अंशांपर्यंत जातो. म्हणजे पंख्याच्या तोंडाशी तुम्ही पेटती चूल ठेवलीत.

आकडेच बघा. बाहेर ३५ अंश. अर्ध्या बारने हवा दाबली आणि कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूची) कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ती साधारण ९३ अंशांना बाहेर पडते. तीच हवा इंजिनाच्या खोलीत आधीच तापून ६० झालेली असेल तर बाहेर पडताना १२३. हे फक्त इंजिनात जाणाऱ्या हवेचं झालं. हेड थंड करणारी हवाही त्याच खोलीतली आहे, तिचं काय?

म्हणून ‘अ’ला माझा नकार. पण ‘ब’लाही लगेच होकार नाही. जेवून येतो.

आडवाटेचा

काका जेवून येईपर्यंत एक शंका. कोकणात हवा इतकी दमट, एप्रिलमध्ये बसल्या जागी घामाच्या धारा. अशा हवेत हे इंजिन थंड होणार तरी कसं? एअर-कूल्ड गाड्या घाटावरच्या कोरड्या हवेसाठीच बऱ्या नाहीत का?

केवडा

नाही. (भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून राहवलं नाही.)

दमट हवेत आपल्याला गरम होतं कारण आपला घाम वाळत नाही. इंजिनाला घाम येत नाही. त्याच्या फिन्सना हवा किती अंशाची आहे एवढंच कळतं. मालवणातले ३५ आपल्याला ४५ सारखे वाटतील, फिन्सना ते ३५च. हेड २०० अंशांवर आहे असं धरलं तर आपल्याकडे फरक १६५चा, विदर्भात ४५ अंशांत १५५चा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात जाते, म्हणजे आपणच सहा टक्क्यांनी फायद्यात.

दमटपणाचा परिणाम दुसरीकडे होतो. ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतली चार टक्क्यांच्या वर जागा वाफेने अडवलेली असते. तेवढा प्राणवायू कमी, तेवढी ताकद कमी. घाटात गाडी दमते त्यात हा वाटा आहे, पण छोटा. सहा पेट्या हापूसचा मोठा.

वऱ्हाडी_ऊन

अकोल्याहून सलाम. तुमच्या ३५ ला आम्ही सकाळ म्हणतो! आमच्याकडे आयशरचे एअर-कूल्ड ट्रॅक्टर मे महिन्यात दिवसभर नांगरतात, कुठं काय होते? उगाच भेव घालू नका त्यांना.

वाशिष्ठीकाठ

आलो. आयशरचा मुद्दा चांगला काढलात, कारण खरी मेख तिथेच आहे.

नांगरताना ट्रॅक्टरचं इंजिन ठरावीक, चढ्या फेऱ्यांवर दिवसभर चालतं. पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवरच फिरतो, तोही जोरात. ताकद जास्त तेव्हा वाराही जास्त. बीटलचा पंखा डायनामोच्या दांड्यावर, पट्ट्याने क्रँकला बांधलेला. त्याला फक्त फेरे कळतात, तुम्ही पाय किती दाबलाय ते कळत नाही.

टर्बोचं सुख कशात? कमी फेऱ्यांवर जोर मिळतो. मग माणूस काय करतो, फोंडा घाट तिसऱ्यात चढवतो आणि खूश होतो. इंजिन २५०० फेऱ्यांवर, उष्णता पूर्वीच्या जवळजवळ दीडपट, पंखा मात्र निवांत. गाडीचा वेग तीसेक, म्हणजे बाहेरच्या वाऱ्याचीही मदत नाही. हेड जातात ती इथे. हायवेवर १०० ने पळताना जात नाहीत. हवेवरची गाडी घाटात खालच्या गियरमध्ये घ्यावी, आवाज झाला तरी. दुसऱ्यात गुरगुरणारं इंजिन तिसऱ्यात कण्हणाऱ्या इंजिनापेक्षा थंड असतं. हे टर्बो नसतानाही खरं आहे, आजपासून करून बघा.

आता ‘ब’. खाली टर्बो लावायची कल्पना वाईट नाही. पोर्शने ९११ टर्बोत तो मागे, खालच्या बाजूलाच ठेवला. ती गाडी १९७४ ला पॅरिसच्या प्रदर्शनात आली, ३ लिटर, २६० हॉर्सपॉवर. कॉम्प्रेशन ६.५ इतकं खाली आणलेलं. १९७८ ला ३.३ लिटर केली तेव्हा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आला, तो बसवला मागच्या स्पॉयलरखाली, आणि ताकद ३०० वर गेली. पण खालच्या टर्बोचं तेल इंजिनात परत न्यायला त्यांना निराळा पंप द्यावा लागला. तो पंप लोक विसरतात.

रापणकार

मेल्या, टर्बो खंय बसवतंस ता मगे बघ. तेल खंयसून येता आणि खंय जाता ता आदी सांग.

आमच्या बोटींका पाण्याचो तोटो नाय. एक्झॉस्टाक पाण्याचो शर्ट घालूक येता, टर्बोक पण घालूक येता. तुझ्या गाडयेक पाणीच नाय. मगे तुझ्या टर्बोचा पाणी म्हणजे तेलच. आणि ता किती? अडीच लिटर! माझ्या चुलतीच्या कढयेत जास्त मावता.

कातळावरचा

@रापणकार, हसून पुरेवाट. पण खरंय, बीटलमध्ये अडीच लिटरच तेल, आणि फिल्टर म्हणून नुसती जाळी.

@वाशिष्ठीकाका, तेल परत न्यायचा पंप जरा उलगडून सांगाल का? मेस्त्री म्हणतात, ‘तेल काय, आपोआप येतं’.

वाशिष्ठीकाठ

वरून येतं आपोआप. खालून नाही.

टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल दाबाने जातं, पण बाहेर पडताना त्याला काडीचा दाब नसतो. वर फेस झालेला. ते फक्त उतारावरून वाहू शकतं, त्यासाठी पाइप जाड हवा, आतून १६ मिमी तरी, शक्य तितका उभा, मधे वळसा किंवा पोट नको. आणि तो इंजिनात शिरतो ती जागा आतल्या तेलाच्या पातळीच्या वर हवी. बीटलचं इंजिन आधीच जमिनीलगत. सायलेन्सरच्या जागी टर्बो बसवलात तर तो तेलाच्या पातळीच्या आसपास किंवा खालीच येणार. मग तेल टर्बोतच तुंबतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये उतरतं, मागे निळा धूर. मेस्त्री म्हणणार टर्बो गेला. दुसरा आणणार. तोही जाणार.

तर खाली लावायचा असेल तर ओढून घेणारा पंप हवाच. यांत्रिक असला तर उत्तम. विजेचा असला तर तो बंद पडल्याचं सांगणारा दिवा डॅशबोर्डवर हवा.

आणखी एक. तुमचा टर्बो डिझेलचा. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा थंड असतो, त्यामुळे त्याची टर्बाइनची (एक्झॉस्टने फिरणारी) बाजू ९०० अंशांसाठी केलेली असेलच असं नाही. आणि पेट्रोल गाड्यांच्या टर्बोत मधल्या भागात बहुतेक पाणी फिरतं, इंजिन बंद केल्यावरही ते आपसूक फिरत राहून उष्णता घेऊन जातं. तुमच्याकडे ती सोय नाही. घाट चढून दाजीपूरला चहाच्या टपरीवर गाडी लावलीत आणि चावी फिरवलीत, की पंखा थांबला, तेल थांबलं, तापलेलं टर्बाइन तसंच. आत राहिलेल्या तेलाचा कोळसा होतो. चहा सांगायला बायकोला पाठवा, तुम्ही दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून बसा.

सोनकी

म्हणजे चहा तिनेच सांगायचा, पैसे पण तिनेच द्यायचे. टर्बो कुणासाठी चाललाय नक्की?

हर्णैचा_वारा

एक्झॉस्टला उष्णता अडवणारी कापडी पट्टी गुंडाळायचा विचार असेल तर सावध करतो. मी जीपच्या मॅनिफोल्डला गुंडाळली होती. एक पावसाळा झाला, पट्टी सोडली, आत पाइप जिलेबीसारखा. बोट घातलं की भोक. कापड पाणी धरून ठेवतं, त्यात आपलं मीठ. कोरड्या हवेत असेल ती चांगली, किनाऱ्यावर साध्या लोखंडाच्या पाइपला नकोच. स्टेनलेसचे पाइप करा, नाहीतर सिरॅमिकचा लेप द्या.

केवडा

आणि साधा उपाय: दुहेरी पत्रा, मधे बोटभर हवेची जागा. विकिरणाने येणारी उष्णता पहिला पत्रा अडवतो, तो तापतो, पण दुसऱ्यापर्यंत त्यातली थोडीच पोचते. पत्रा चकचकीत ठेवला तर अधिक चांगलं. चुलीसमोर ताट उभं धरून बघा, हाताला लगेच कळतं.

आडवाटेचा

खालच्या टर्बोवर पावसाचं पाणी उडालं तर? ८०० अंशांचं बीड आणि डबकं?

वाशिष्ठीकाठ

तडकू शकतं. म्हणून खालून पत्र्याची ढाल हवी, बंद डबा मात्र नको.

मला विचाराल तर तिसरी जागा आहे. मागच्या बाजूला, टर्बाइन पत्र्याच्या खालीच पण जितकं वर नेता येईल तितकं, पत्र्याला जवळजवळ टेकलेलं, मधे केवडाताईंची दुहेरी ढाल. कॉम्प्रेसरने हवा घ्यायची ती झाकणाच्या जाळीतून, स्वतंत्र पाइपने, पंख्याच्या हवेत वाटा न मागता. तेलाचा पंप याही जागी लागेल, फक्त त्याला कमी ओढावं लागेल. बाहेर एक तेलाचा कूलर आणि खरा फिल्टर. तेल १२० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही.

पण यातलं काहीही करण्याआधी एक काम. तीन नंबरच्या सिलिंडरच्या प्लगखाली थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा आणि टर्बोशिवाय घाट चढा.

कातळावरचा

तीनच का?

जुनी_चाकं

हे मला माहितीय! जुन्या पेटीत ऑइल कूलर पेटीच्या आतच उभा असतो, डाव्या बाजूला, बरोबर तीन नंबरच्या वाटेत. त्या सिलिंडरला हवा कमी मिळते, मिळते ती कूलरला लागून तापलेली. कंपनीलाही हे ठाऊक होतं, पुढे बऱ्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये तीन नंबरच्या ठिणगीचं टायमिंग मुद्दाम काही अंश मागे ठेवलेलं असायचं. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर पेटीच्या बाहेर मागे नेला, त्याला वेगळी वाट दिली. लोक त्याला ‘डॉगहाउस’ म्हणतात, कुत्र्याच्या घरासारखा दिसतो म्हणून.

(काहीही करू नका म्हणणारा मीच, आणि आता रात्री साडेअकराला जुनी पुस्तकं काढून बसलोय.)

वऱ्हाडी_ऊन

कार्बोरेटर कोणत्या बाजूला ठेवता ते पण सांगा बाप्पा. टर्बोच्या आधी की नंतर?

वाशिष्ठीकाठ

आधी ठेवला तर सोपं, कार्बोरेटर जसाच्या तसा चालतो. पण मग इंटरकूलर विसरा, पेट्रोल त्यात साचतं. शिवाय बंद थ्रॉटलला (पाय उचलला की) कॉम्प्रेसरमध्ये ओढ तयार होते, साधा सील असला तर तेल खेचलं जातं, तिथे कार्बनचा सील लागतो. डिझेलच्या टर्बोत तो नसतो, कारण त्याला ही वेळच येत नाही. नंतर ठेवला तर कार्बोरेटरला दाब सोसायला लागतो आणि पेट्रोलचा दाबही त्याच्याबरोबर चढवावा लागतो. मी इंजेक्शनच करेन. पण मग खर्चाचा धागा वेगळा काढा.

आणि ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) विसरू नका. कार्बोरेटरचे जुने जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) तसेच ठेवले तर मिश्रण सातेक टक्क्यांनी पातळ होतं. पातळ मिश्रण म्हणजे तापलेलं हेड. टर्बो असो वा नसो, जेट आधी बदला.

हर्णैचा_वारा

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. विमा मागायची वेळ आली की हेच कलम समोर येतं.

कातळावरचा

अठरा दिवसांनी येतोय, माफी.

थर्मोकपल आणले, एक आणि तीन नंबरच्या प्लगखाली लावले. टर्बो अजून गोणपाटात गुंडाळून मांगरात आहे. जेटही अजून जुनेच. फोंडा घाट, दोन माणसं, पेट्या नाहीत, बाहेर ३३ अंश.

पहिली चढण तिसऱ्या गियरमध्ये: एक नंबर १८४, तीन नंबर २२१. वर पोचेपर्यंत थांबलोच नाही, भीतीने. परत खाली उतरून इंजिन निवल्यावर तीच चढण दुसऱ्यात: एक नंबर १७६, तीन नंबर २०७. काका, तुमचं गियरचं म्हणणं आकड्यांत उतरलं. बायको म्हणाली आवाजाने कान गेले.

मग घरी येऊन पंख्याची पेटी उतरवली. ऑइल कूलरच्या फटींत कुंभारमाशीची मातीची घरटी, सात मोजली. त्यांच्या वर उंदराने आणून भरलेला पेंढा, आणि या सगळ्यावर जांभ्याची लाल धूळ तेलात मळून झालेला लेप. कडेचं रबर अर्ध्या बाजूला नव्हतंच. सगळं घासलं, रबर नवीन घातलं. परवा पुन्हा गेलो, दुसऱ्यातच: एक नंबर १७४, तीन नंबर १९५.

आता डॉगहाउसवाली पेटी शोधतोय, कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ती बसवून आणि जेट बदलून तिसरे आकडे टाकतो. टर्बोचं त्यानंतर.

वाशिष्ठीकाठ

२२१ ला तुम्ही किती वर्षं घाट चढत होतात देव जाणे. पुढच्या वेळी तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्हही बघून घ्या, त्याची मान ताणली गेली असेल. आणि कोल्हापूरच्या बाजूने उतरताना नाही, चढतानाच मोजलंत ना?

कातळावरचा

चढतानाच. व्हॉल्व्ह बघतो.

रापणकार

सात घरटी! मेल्या, भाडा घेतलंस काय त्यांच्याकडसून?

टर्बो इकूचो झालो तर सांग. माझ्या झिलाक व्हयो.